सगुणा चितारणीचा डोंगर

भालदऱ्याच्या डोंगराला अजून कपाळ होतं, त्या काळची ही गोष्ट. येसूच्या डोळ्याला सात रात्री डोळा लागला नव्हता. घोर एकच: पोरीला नीट दिसतं ना?

पोर पाच वर्षांची, नाव पारू. श्रावणात उघडीप मिळाली की गावची सगुणा चितारीण लहानग्यांना ओढ्याकाठच्या खडकावर बसवायची आणि समोरचा डोंगर काढायला लावायची. पाटी म्हणून शेणानं सारवलेलं सूप, रंगाला गेरू, चुना, पानांचा रस, बांबूची काडी चावून केलेली कुंचली. "आधी बघा. डोळे दमले की मग हात," एवढंच तिचं शिकवणं. तिनं काढलेल्या झाडावर पाखरं बसायला यायची, असं म्हणतात.

सगळ्या पोरांचे डोंगर हिरवे. पारूच्या डोंगराच्या कपाळावर मात्र तांबडी रेघ. रोज. आणि रोज थोडी लांब.

येसू चार यत्ता शिकलेली. डोंगर हिरवा असतो हे तिला पाठ होतं; शिकलेल्या बाईची काळजीही पुस्तकी. शेजारीण म्हणाली, "वैदूला डोळे दाखव बाई हिचे. उद्या नवरा तांबडा दिसायचा!" येसू सगळ्यांबरोबर हसली आणि घरी येऊन रडली. आठव्या दिवशी कुणाचं लक्ष नाही असं बघून तिनं ती रेघ पानांच्या रसानं बुजवून टाकली.

चितारणीनं सूप हातात घेतलं. "हा हात पोरीचा नाही. पुसलं कुणी?"

"मीच, मावशी. चुकलं होतं तिचं."

"बस खाली. हात मागं बांध. आता बघ."

येसूला आधी हिरवंच दिसलं. मग डोळ्यांना पाणी आलं. ऊन कललं, तेव्हा कुठं दिसलं: झाडीच्या वर जमीन फाटली होती. आत ओली तांबडी माती.

त्याच सांजेला गाव गुराढोरांसकट ओढ्यापलीकडं गेलं. तिसऱ्या दिवशी डोंगराचं कपाळ खाली आलं. घरं गेली, माणूस एकही गेलं नाही. चितारणीच्या घराच्या भिंतीवर तिनं काढलेला डोंगर होता; त्याच्या पायथ्याशी येऊन खरा डोंगर थबकला, असं म्हणतात.

ती भिंत अजून आहे. दर श्रावणात पोरं तिच्यावर डोंगर काढतात आणि आया हात मागं बांधून बसतात. एखादीचा हात सुटलाच, तर पोरं एका सुरात ओरडतात, "पुसलं कुणी?"

डोंगर खाली आला त्या दिवशी ओढ्यापलीकडं येसूनं लेकीला पोटाशी धरलं. "बयो, तुझे डोळे चांगले आहेत गं."

पारूनं आईकडं बराच वेळ बघितलं, डोंगराकडं बघायची तसं.

"मग वैदूला तुझे दाखवायचे का?"