तीन खड्यांची अंगठी

त्या दिवशी बकुळच्या ताईचा साखरपुडा होता आणि घरातलं एकही माणूस हसत नव्हतं.

काळ्या डोंगराच्या पायथ्याशी, नदीला लागून त्यांचं पिटुकलं मातीचं घर होतं. दार एक, खिडकी एक आणि माणसं तीन: तात्या, कालिंदीताई आणि नऊ वर्षांची बकुळ. आई देवाघरी गेली तेव्हा बकुळ रांगत होती. तिला न्हाऊमाखू घातलं ते ताईनं, तापात उशाशी बसली तीही ताईच. तात्या सोनार होते. त्यांच्या हातची अंगठी म्हणजे काय सांगू तुम्हांला, खडा असा बसायचा की सोन्यातच उगवला असं वाटावं. पण पाच वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत धुकं शिरलं. दोन-तीन महिन्यांतच आधी बारीक रेघा दिसेनाशा झाल्या, मग रंग गेले, मग माणसांचे चेहरेही गेले. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. बकुळ शेगडीपाशी त्यांना चिकटून बसायची आणि हळूच सांगायची, "तात्या, आता लाल झालं बरं का." तेवढ्यावर तात्या काम उरकायचे. आंधळ्या सोनाराकडे कोण येणार होतं?

नदीपलीकडच्या सुंदराबाईंनी ताईला आपल्या विश्वंभरासाठी मागणी घातली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला मानपान नको, काही नको. नवऱ्यामुलाची अंगठी तेवढी तात्यांच्या हातची हवी, तीन रंगांच्या खड्यांची. त्यांचं काम मी लांबून ओळखते."

तात्यांनी आईच्या कानातल्या कुड्या आटवल्या आणि अंगठी घडवली. तिच्यावर तीन इवलीइवली कोंदणं केली, म्हणजे खड्यांना बसायला सोन्याची घरटी. डबीत तीन खडे कितीतरी वर्षं जपून ठेवले होते. डाळिंबाच्या दाण्यासारखं लालचुटूक माणिक, हिरवागार पाचू आणि पिवळाधमक पुष्कराज.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी बकुळला काही राहवेना. तिनं गुपचूप तिन्ही खडे कोंदणांत दाबून बसवून पाहिले. अंगठी अशी काही झगमगली की पोरगी बघतच राहिली. तेवढ्यात ताईची हाक आली आणि अंगठी तशीच ठेवून ती पाणी आणायला पळाली. इकडे तात्यांनी शेवटचा जोड पक्का करायला अंगठी सांडशीनं उचलली. खडे डबीतच आहेत असं त्यांना वाटलं. खडे बसवलेली अंगठी विस्तवात घालायची नसते, हे सोनाराच्या घरात पाळण्यातल्या बाळालाही कळतं. अंगठी विस्तवात गेली, मग गार पाण्यात गेली, आणि तड, तड, तड असा तीनदा आवाज झाला.

"माझंच चुकलं," तात्या म्हणाले. "दिसत नसताना हट्टाला पेटलो." आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. ताई चौरंगावर तांदळाचं स्वस्तिक काढत होती. तिचा हात थांबला.

चूक माझी आहे, असं पाणी घेऊन परतलेल्या बकुळला सांगायचं होतं. पण पाण्यातले तुकडे वेचायला घेतलेला तात्यांचा चिमटा मुठीत धरून ती तशीच रानात निघून गेली.

रानात पळस केशरी फुलांनी पेटला होता. निळीजांभळी फुलपाखरं भिरभिरत होती, गवताच्या पात्यापात्यावर दवाचे मोती चमकत होते. पण बकुळला त्यातलं काही दिसलं नाही. ती एका बाभळीखाली बसली आणि हमसाहमशी रडायला लागली.

"जरा हळू रडशील का?" वरून नाजूक आवाज आला. "झाड हलतं, आणि माझा पंख ओढला जातो."

बकुळनं मान वर केली. बाभळीच्या खोडावर डिंकाचा सोनेरी थेंब आला होता आणि त्यात एक परी अडकली होती. करंगळीएवढी. अंगात मोरपिशी झगा, केसांत चांदणचुरा, आणि पंख तर इतके तलम की त्यांतून पलीकडचं पान दिसावं. एक पंख मोकळा फडफडत होता, दुसरा डिंकात रुतला होता.

"हलू नका हं," बकुळ डोळे पुसत म्हणाली. "खडा काढताना दाबायचा नाही, खालून हलकेच उचलायचा, असं आमचे तात्या सांगतात."

ती चिमटा घेऊन बसली. एका वेळी केसाएवढा डिंक निघायचा. ऊन डोक्यावर यायला लागलं. दुपारी पाहुणे येणार, घरी ताई एकटी, हे सगळं तिला कळत होतं. पण अर्धा सुटलेला पंख टाकून जायचं कसं? ती निघाली नाही. अखेर पंख सुटला, आणि परी चमचम करत तिच्या तळहातावर उतरली.

"तू मला सोडवलंस. आता माग काहीतरी," परी म्हणाली. "पण आमचे नियम ऐकून घे. मागणं एकदाच. तोंडून जो शब्द निघेल तोच मी देते, आणि दिलेलं परत घेता येत नाही. न मागितलेलं मात्र मी देऊ शकत नाही. जी परी न मागितलेलं देते, ती उरत नाही."

बकुळचा जीव सुपाएवढा झाला. तिनं विचारही केला नाही. "मला तीन खडे द्या. एक तांबडा, एक हिरवा आणि एक पिवळा. माझ्या ताईसाठी."

परीनं टाळी वाजवली. बकुळच्या तळहातावर तीन खडे पडले. तांबडा, हिरवा, पिवळा. मुगाच्या दाण्याएवढे. नदीतले.

बकुळ बघतच राहिली. "अहो, हे तर नुसते खडे आहेत."

"तू खडेच तर मागितलेस," परी गोंधळून म्हणाली. "आमच्या रानात खडा म्हणजे खडा. तुमच्यात दुसरं काही असतं का?"

सोनाराची लेक ती. तिला जन्मापासून खडा म्हणजे अंगठीतला खडा, एवढंच ठाऊक. माणिक म्हण, पाचू म्हण, पुष्कराज म्हण, तीन शब्द होते तिच्याकडे, आणि त्यांतला एकही ऐन वेळी तोंडून निघाला नाही. सकाळी एकदा घात केला होता, आता दुसऱ्यांदा. बकुळनं हे सगळं सांगितलं, तेव्हा परीचा झगाच फिकट झाला. ती मुसमुसायला लागली.

"तुमचं काही चुकलं नाही," बकुळ म्हणाली. आतून ती इतकी रिकामी झाली होती की रागवायलाही काही उरलं नव्हतं. "तुम्ही जा. पंख डिंकानं ओला आहे, उन्हात बसा." आणि खडे मुठीत घेऊन ती घरी आली.

तात्या अजून भिंतीकडे तोंड करूनच बसले होते. ताई नवं लुगडं नेसून कोपऱ्यात उभी होती, कुणा दुसऱ्याच्या घरी आल्यासारखी. बकुळनं सहाण घेतली, पाणी शिंपडलं आणि खडे घासायला बसली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून. बोटांची सालं निघाली, पाणी तांबूस झालं.

"काय घासतेस गं?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही तात्या."

खडे गुळगुळीत झाले. तिनं लाख वितळवून कोंदणांत घातली, चिमट्यानं एकेक खडा वर ठेवला आणि सोन्याची कड वळवली. कड वाकडीतिकडी झाली. खडे दिसत होते तसेच दिसले. नदीतल्या खड्यांसारखे.

पाहुणे आले. गूळपाणी झालं, ओटी भरली, साखरेचे पुडे ताटात मांडले गेले. सुंदराबाईंनी अंगठी हातात घेतली, खिडकीपाशी नेली आणि फिरवून फिरवून पाहिली.

"तात्या," त्या सावकाश म्हणाल्या, "ही तुमच्या हातची?"

तात्यांचे ओठ हलले. एक हो म्हटलं असतं तर कदाचित निभावलंही असतं, कुणी सांगावं. पण तात्या आयुष्यात खोटं बोलले नव्हते, आणि आता बोलणार होते. ते बकुळला बघवेना.

"मी केलीय," ती म्हणाली. "तात्यांना दिसत नाही. पाच वर्षं झाली. खरे खडे सकाळी माझ्यामुळे फुटले, त्यांच्यामुळे नाही. हे नदीतले आहेत."

विश्वंभर आईकडे बघत राहिला. पाहुण्यांमधल्या एका म्हाताऱ्यानं काठी उचलली आणि आपली पिशवी चाचपली. ताईनं डोळे मिटून घेतले. झालं, बकुळला वाटलं. मोडलं ताईचं लग्न, आणि तेही मीच मोडलं. आता या घरात तात्यांकडे कुणी कामही आणणार नाही. जमीन दुभंगली असती तर ती आनंदानं आत गेली असती.

तेव्हा खिडकीत काहीतरी लुकलुकलं. गजावर परी बसली होती. तिचा पंख वाळला होता. ती फक्त बकुळलाच दिसत होती.

"तुझं मागणं मी चुकीचं दिलं," परी अगदी हळू म्हणाली. "हे न मागता देते."

"नको," बकुळ पुटपुटली. "तुम्ही उरणार नाही."

परी हसली. तिचा मोरपिशी झगा उजळत गेला, केसांतला चांदणचुरा उजळला, पंख उजळले, आणि बघता बघता तिथं परी राहिली नाही, नुसता उजेड राहिला. तो उजेड सुंदराबाईंच्या हातातल्या अंगठीत शिरला. तीन खड्यांतून तीन झोत निघाले आणि सरळ तात्यांच्या तोंडावर आणि पांढऱ्या सदऱ्यावर पडले. क्षणभरच. मग खिडकीत साधं दुपारचं ऊन होतं.

तात्यांनी सदऱ्यावर हात फिरवला. "हे तांबडं कुठून आलं?" ते म्हणाले. कुणाला काही कळेना. "आणि हे हिरवं. इथं पिवळं आहे." त्यांनी मान वर केली. "अगं, मला दिसतंय."

ताई धावली आणि तात्यांपुढं बसली. तात्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

सुंदराबाईंच्या बोटांत अंगठी अजून मंद चमकत होती. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि घसा साफ केला. "विश्वंभरा, हात पुढं कर," त्या म्हणाल्या. "जिच्या घरात एवढंसं पोर असं खरं बोलतं, तिच्याइतकी चांगली सून मला कुठं मिळायची? कड तेवढी वाकडी आहे. लग्नापर्यंत सरळ करा म्हणजे झालं." ताईनं अंगठी विश्वंभराच्या बोटात घातली, पुडे फुटले, सगळ्यांच्या हातावर साखर पडली.

बकुळ मागं दारापाशी उभी होती. रिकाम्या खिडकीकडे बघत होती.

"बकू कुठाय?" तात्यांनी विचारलं. त्यांची नजर घरभर फिरली, पाहुण्यांवरून, ताटांवरून. ती बकुळवर आली आणि तिच्यावरून पुढंही गेली. मग खाली वळली, लोकांच्या गुडघ्यांपाशी फिरायला लागली. ते चार वर्षांच्या पोरीला शोधत होते.

बकुळला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिला हुंदका आला.

"तात्या," ती म्हणाली, "मी इथंय. मी मोठी झाले."