थोरल्यांचा आवाज

त्या मुलखात अवजारं राहत, आणि तिथे जुन्याला मान होता, नव्याला काम.

मुलूख म्हणजे उघड्या टेकडीवरची एक लांब शेड. टेकडीवर झाड उरलेलं नव्हतं. एके काळी तिथे इतकं दाट रान होतं म्हणे, की भर दुपारी दिवा लावावा लागे. ते सगळं थोरल्यांनी कापलं. थोरले म्हणजे साखळीची जुनी, अजस्र करवत. दोघांनी उचलावी इतकी जड, आणि लोखंड स्वस्त होतं त्या काळातली. रान गेलं याचं तिथे कुणाला वाईट वाटत नसे. उलट तीच त्या मुलखाची पोथी होती. थोरल्यांनी अमका साग कसा आडवा केला, तमका ऐन पडताना शेडचे पत्रे कसे वाजले, हे ऐरण आणि घण रोज संध्याकाळी सांगत. रानाच्या जागी पुढे काय आलं, ते सांगत नसत. ऊन आलं होतं.

त्या मुलखाची एक रीत होती. थोरामोठ्यांपैकी कुणी समोर येऊन उभं राहिलं, की त्यांनी तोंड उघडण्याआधी धाकट्याने 'घ्या' म्हणायचं. काय घ्यायचं आहे ते नंतर कळे. आणि धाकट्यांमध्ये जो वयाने मोठा, त्याचं 'घ्या' त्याच्या पाठच्यांनाही लागू होई. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायला बसलं असतं तर कुणाला तरी लाज वाटली असती.

त्या शेडमध्ये एक गोल कानस होती. मूळची ती कानशींच्या पेटीतली. पेटीत प्रत्येकीला तिच्या मापाची खाच असते आणि खाचेत नीट पडून राहणं हेच शिक्षण असतं. कानशीने ते अर्धवट टाकलं होतं. "घासायचं कधी?" असं तिने विचारलं, आणि पेटीने झाकण लावून घेतलं, एवढीच हकीकत. तेव्हापासून ती 'पेटीतून उठलेली' म्हणून ओळखली जाई, आणि काही बिघडलं की नजर आधी तिच्याकडे वळे.

तिचं असं एकच कोणी होतं, तेलावर चालणारा धाकटा पंप. तो नवा आला तेव्हा त्याच्या पितळी तोंडाला ओतकामाच्या टोचऱ्या कडा होत्या. त्या तिने घासून काढल्या, आणि तेव्हापासून तो तिला ताई म्हणू लागला. पंपाचं काम खालच्या ओढ्यातून पाणी खेचून शेडपुढच्या रोपांना देणं. रोपं कुणी लावली होती ते कुणाला ठाऊक नव्हतं. काळ्या पिशव्यांत ती ओळीओळींनी उभी होती, वीतभर, हातभर, आणि सबंध टेकडीवर हिरवं म्हणावं असं तेवढंच होतं. पंप सकाळी सुरू होताना खोकायचा, मग पाणी चढलं की गाणं म्हणायचा. गाणं कसलं, एकच सूर. पण रोपांना तो चालत असे.

उन्हाळ्याच्या तोंडाला ऐरणीने बैठक बोलावली.

"थोरले किती वर्षं गोणपाटाखाली पडलेत," ती म्हणाली, "आणि या पोरांनी त्यांचा आवाजसुद्धा ऐकलेला नाही. म्हणून ही अशी निपजली. थोरल्यांना उठवायचं."

"उठवून कापायचं काय, काकू?" कानशीने विचारलं. "टेकडी तर पुसून घेतल्यासारखी आहे."

घण हसला. "बघा. पेटीत राहिली असती तर एवढं तरी शिकली असती, की आधी काम आणि मग प्रश्न."

"मग म्हणजे कधी, घणकाका?"

"आमच्या वयाची झालीस की."

गोणपाट ओढलं तेव्हा खाली थोरले कसले, गंजाचा एक ढीग होता. कुंभारमाशीने धुराच्या तोंडात मातीचं घर बांधलं होतं. तेल घट्ट होऊन गुळासारखं झालं होतं. साखळीची प्रत्येक कडी दुसरीला चिकटली होती, आणि पोटातला दट्ट्या असा अडकला होता की घणाने ठोकूनही हलेना. घणाला सगळ्याच प्रश्नांवर तेवढं एकच उत्तर येत असे. कानशीने त्याला बाजूला व्हायला सांगितलं. थोरल्यांच्या पोटात रॉकेल भरून ठेवलं, ते मुरू दिलं, आणि मग हळूहळू हलवून दट्ट्या सोडवला. मातीचं घर फोडलं. कार्बोरेटरची बारीक भोकं फुंकून साफ केली. साखळी काढून लोखंडी पकडीच्या, म्हणजे शेगड्याच्या, जबड्यात धरायला दिली आणि दातांना धार लावायला घेतली.

साखळीचे दात एक डावा, एक उजवा असे असतात. कानशीने पुढे रेटत जायचं, मागे येताना उचलायचं, आणि प्रत्येक दाताला सारखंच रेटायचं. एका बाजूला जास्त माया झाली की करवत वाकडी कापते. कानस ते करत राहिली. दाताला धार येते ती कानशीच्या अंगावरची धार जाऊन येते, हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही.

एका दुपारी थोरल्यांनी डोळे उघडले.

"कोण गं तू?"

"कानस."

"कुणातली?"

"कुणातलीच नाही. पेटीतून उठलेली."

"मग बरी असशील," थोरले म्हणाले. त्यांचा आवाज खोल होता, आणि तिला तो आवडला, हे तिने नंतर कधीच कबूल केलं नाही. काम चालू असताना ते बोलत राहत. त्यांना झाडं आठवत नव्हती. साग कुठला, ऐन कुठला, ते सगळं ऐरणीच्या गोष्टींमध्ये होतं. त्यांना एवढंच आठवत होतं, की लाकूड पहिल्यांदा उघडतं तेव्हा आतून ओला वास येतो. आणि गोणपाट आठवत होतं. "आपल्याला कुणी मारत नाहीत गं," ते म्हणाले. "वर टाकतात काहीतरी, आणि मग त्यांना आपली आठवण येते. आपल्याला मात्र ऐकू येत राहतं."

जवळजवळ सगळं जुळलं, पण ठिणगी पडेना. थोरल्यांचा प्लग मेलेला होता, कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक होऊन चिरला होता, आणि ओढायची दोरी हातात घेताच तुटली. त्या संध्याकाळी ऐरण आणि घण दोघं कानशीपुढे येऊन उभे राहिले.

"घ्या," कानस म्हणाली.

तिला वाटलं, शेवटच्या चार दातांना धार लावायची राहिलीय, आणि आपल्या अंगावर अजून तेवढी धार आहे. तिने ती मनातल्या मनात देऊनही टाकली होती.

ऐरणीने मान हलवली आणि दोघं पुढे गेले, पंपाकडे.

कानस त्यांच्या मागे धावली. "मी माझं म्हणाले होते."

"तू थोरली ना त्याची?" ऐरण म्हणाली. "शब्द दिलास. आता तो मागे घेणार? आमच्यात तसं नसतं."

पंपाने स्वतःहून तोंड वर केलं. "असू दे गं, ताई. काम झालं की देतीलच ना. रोपांना काल पोटभर पाजलंय. उंटासारखी झालीत ती."

त्यांनी त्याचा प्लग काढला, पडदा काढला, दोरी काढली. टाकीत होतं तेवढं तेलही ओतून घेतलं. ज्या भोकात प्लग होता ते तसंच उघडं ठेवलं. बूच लावायचं कुणाला सुचलं नाही. ज्याचं काढून घेतलं त्याचं मागे काय होतं हे बघायची तिथे सवयच नव्हती.

थोरले सुरू झाले तो दिवस मुलखाने सणासारखा साजरा केला. दोरी ओढली, एक धुराचा लोट आला, आणि मग तो आवाज. पत्रे थरथरले. ऐरण रडली. घण म्हणाला, "आता बोला." दारात उंबऱ्यासारखा एक जुना ओंडका होता, रानातला शेवटचा. थोरले त्यात शिरले आणि लोणी कापावं तसे पलीकडे निघाले. काप रेघ ओढल्यासारखा सरळ होता. कानस कोपऱ्यातून बघत होती. तिच्या अंगावर आता धार नव्हती, मधला भाग तर गुळगुळीत झाला होता, आणि तरी त्या कापाकडे बघताना तिचा ऊर भरून आला. स्वतःचाच राग यावा असं ते होतं.

दुसऱ्या दिवशी तिने प्लग मागितला.

"आजच?" ऐरण म्हणाली. "काल उठलेत ते. आज काय, छातीतून श्वास काढून घेऊ त्यांचा?"

"तुम्ही पंपाच्या छातीतून काढलाय."

"तो तरुण आहे. त्याला कळ काढता येते."

ओंडका संपला तर त्याचे तुकडे कापले, तुकडे संपले तर तुकड्यांचे तुकडे. रोज सकाळी आवाज, रोज डोळ्यांत पाणी. रोपांची पानं आधी लोंबली, मग कडांनी तपकिरी झाली. उघड्या भोकातून पंपाच्या पोटात धूळ जात होती, आणि पहाटेच्या दंवाने आत गंज चढत होता. तो अजून थट्टा करायचा, पण शब्द अडकायला लागले होते.

शेवटी कानस थोरल्यांकडेच गेली. "तुमच्या पोटात माझ्या भावाचा प्लग आहे."

"मी मागितला नव्हता," थोरले म्हणाले.

"परतही केला नाहीत."

"मला कळतंय, पोरी," ते म्हणाले. "पण तो दिला की ते माझ्यावर पुन्हा गोणपाट टाकतील. तू कधी गोणपाटाखाली राहिली आहेस?"

"नाही."

"उद्या देतो," थोरले म्हणाले. त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. नुसती भीती होती, आणि ती इतक्या वर्षांची होती की तिच्यापुढे एका पंपाचं मरण त्यांना लहानच दिसलं असणार.

तो उद्या आला तेव्हा ऐरण आणि घण पुन्हा कानशीपुढे उभे राहिले. थोरल्यांची धार उतरली होती.

"नाही," कानस म्हणाली.

ते वाट बघत राहिले. तो शब्द त्यांनी ऐकलाच नाही, की तसा शब्द ऐकायची सोयच त्यांच्यात नव्हती, कोण जाणे. मग घणाने तिला उचललं आणि साखळीवर फिरवलं. ती दातांवरून नुसती घसरली, काचेवरून काडी घसरावी तशी. त्याने दोनदा पाहिलं.

"संपली ही," तो ऐरणीला म्हणाला.

"पेटीत राहिली असती तर टिकली असती," ऐरण म्हणाली, आणि तिला पंपाच्या शेजारी टाकून दिलं.

पंपाला आता फारसं दिसत नव्हतं. तोंडाच्या पितळेवर हिरवट साय आली होती. कानस त्याला टेकून पडून राहिली. बाहेर बोलणं चाललं होतं. ओंडक्याचा आता भुसाही उरला नव्हता, आणि आवाजाशिवाय सकाळ काढायची कुणाची तयारी नव्हती. घण म्हणत होता, "रोपं तशीही वाळलीच आहेत." ऐरण म्हणत होती, "निदान थोरल्यांच्या कामी येतील."

दोरी ओढली गेली.

पंप दचकला. त्या सगळ्या गर्जनेच्या तळाशी एक बारीक, भराभर पडणारी ठिणगी होती, आणि ती त्याने ओळखली. स्वतःची ठिणगी कुणालाही ओळखू येते.

"ताई," तो म्हणाला, "मी सुरू झालो का गं?"

कानशीला दार दिसत होतं. थोरल्यांना ऐरणीने आणि घणाने धरलं होतं. त्यांच्यापुढे वीतभर, हातभर, काडीसारखी वाळलेली रोपं ओळीओळींनी उभी होती. साखळी टेकायच्या आधीच तिच्या वाऱ्याने रोपं मोडत होती.

"हो," ती म्हणाली. "झालास."

"पाणी चढतंय?"

"चढतंय."

"कुठवर गेलं?"

कानशीने बाहेर पाहिलं.

"दोन ओळी झाल्या," ती म्हणाली. "आता तिसरीत शिरतंय."

पंपाने तोंड थोडं वर केलं, आणि त्याचा तो एकच सूर लावायचा प्रयत्न केला.