मध काढणाऱ्याचा दोर

फार फार जुनी गोष्ट. एका डोंगराळ राज्यात गोमा नावाचा मध काढणारा राहत होता. दोराने उंच कडा उतरायचा, एका हाताने दोर धरून लोंबकळायचे आणि दुसऱ्या हाताने पोळे कापायचे, हे त्याचे काम. वर दोर धरायला त्याचा मेहुणा भागुजी असायचा. त्यांच्यात रीतच होती, दोर बायकोच्या भावानेच धरायचा. बहिणीचे कुंकू तो कशाला हातून सुटू देईल?

एका उन्हाळ्यात वणवा लागला. रान जळाले. माश्या उडून गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. घरात चूल पेटायची मारामार झाली.

गोमा काम शोधायला निघाला. एका सरदाराच्या दारी त्याने सांगितले, "मी मध काढतो." कारभारी हसून म्हणाला, "मग आधी माश्या घेऊन ये!" गोमाच्या जिव्हारी लागले. पुढच्या दारी त्याने मधाचे नावच काढले नाही. "काहीही करीन, मालक," म्हणाला. उत्तर मिळाले, "काहीही करणारे पायलीचे पन्नास मिळतात."

गोमा खाली मान घालून घरी आला. भागुजी म्हणाला, "दाजी, दोर विकून टाका. चार दिवस भाकरी तरी मिळेल."

गोमाच्या डोळ्यांत पाणी आले. पण दोर त्याने विकला नाही. रोज संध्याकाळी तो दोराचा पीळ न् पीळ तपासायचा, झिजलेला भाग नव्याने वळायचा आणि चिंचेच्या फांदीवरून सोडून एका हाताने लोंबकळायचा. पोरे खो खो हसायची. भागुजी कुरकुरायचा, पण दोर धरायला यायचा.

असे वर्ष गेले. एक दिवस दवंडी पिटली गेली. किल्ल्याच्या तटात पिंपळ रुजला होता, तो काढला नाही तर तट ढासळणार होता. काढील त्याला तटाची कायमची चाकरी. खाली मात्र पाहून डोळे फिरतील अशी दरी!

गोमाच्या आधी दुसरा एक मध काढणारा उतरला. त्याने आपला दोर केव्हाच विकला होता. सराव सुटलेल्या हातांनी त्याला परका दोर धरवेना आणि तो ओरडतच वर आला.

किल्लेदाराने गोमाला विचारले, "तुला काय येतं?"

'काहीही करीन' हे शब्द गोमाच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्याने गिळले.

"एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातानं काम करता येतं, सरकार. आजवर मधाचं केलं, आता तटाचं करीन. दोर माझा, धरणारा माझा मेहुणा."

तो उतरला. एकेक मूळ तोडू लागला. शेवटचे मूळ तुटले आणि त्याच्या पायाखालचा दगडच निखळला! दगड दरीत गेला, गोमा एका हातावर लटकला. वर भागुजी फरफटत कडेपर्यंत आला. संपले, असे गोमाला वाटले. पण मूठ सैल झाली नाही. वर्षभर चिंचेखाली तिला हेच तर शिकवले होते. भागुजीने टाचा रोवल्या आणि गोमा हळूहळू वर आला.

चाकरी त्याला मिळाली. भागुजी ओशाळून म्हणाला, "दाजी, दोर विका म्हणालो होतो मी."

"म्हणालास खरा," गोमा हसला, "पण रोज धरायलाही तूच येत होतास!"

म्हणून बाळांनो आणि थोरांनो, हातचे काम गेले तरी सराव सोडू नये, आणि आपल्याला काय येते हे सांगताना कधी लाजू नये.