अर्धी मिशी आणि दरवळीचा भात

एका विद्यापीठात एक मास्तर होता. नाव अनाजी. शिकवायला बरा, पण पैज म्हटली की त्याची अक्कल चरायला जायची. समोरच्यानं वाक्य पुरं करायच्या आत हा "लागली" म्हणून मोकळा.

एक दिवस माणकोजीनं त्याला ओसरीवर गाठलं. माणकोजी दुसऱ्या गटातला, पुलावर संशोधन करणारा. त्याचा पूल अजून उभा राहिला नव्हता, पण तोंड चालू होतं. तो म्हणाला, "तुमच्या आक्काच्या वाफ्यातल्या भाताला काही वास यायचा नाही. आला तर भर सभेत मी माझी अर्धी मिशी उतरवतो. नाही आला तर तू उतरव."

अनाजीची मिशी म्हणजे तेल पाजून पोसलेली. तिच्याकडं बघता बघता पोरांची गणितं चुकायची. शहाण्या माणसानं "चल, निघ" म्हटलं असतं. अनाजी म्हणाला, "लागली."

आता कसला भात आणि कसला वास, ते ऐका.

त्या राज्याचा राजा संशोधनाला मोठी अनुदानं द्यायचा. मोठी म्हणजे मोठीच. डोंगर मागितला तर डोंगर. पण नुसतं तोंड घेऊन त्याच्यापुढं उभं राहून भागायचं नाही. काय करणार, कसं करणार, होईल कशावरून, सगळं पटवून द्यायला लागायचं. आणि एवढी तयारी करत बसायचं तर मास्तर लोकांनी शिकवायचं कधी आणि खायचं काय? म्हणून विद्यापीठ आपल्या पदरचा बीजनिधी द्यायचं. एक हंगाम शिकवण्यातून सुट्टी, एखादा वाफा नाहीतर एखादी खोली, आणि लागेल ते सामान. त्यात आधी छोटं करून बघायचं, मग राजाकडं मोठं मागायला जायचं.

त्याला एक रीत जोडलेली होती. हंगाम संपला की सगळ्या विद्यापीठासमोर उभं राहायचं आणि आधी न जमलेलं सांगायचं. जमलेलं मागाहून. बीजनिधी वाया गेला म्हणून म्हातारे कुलगुरू कुणाला कधी बोलले नाहीत. लपवलं म्हणून मात्र त्यांनी भल्याभल्यांना घरी पाठवलं होतं. काही गट फारच हुशार. ते सगळा निधी प्रस्तावाच्या रेशमी बासनावर उडवायचे. सभेत त्यांच्याकडं सांगायला न जमलेलं काही नसायचं, कारण त्यांनी केलेलंच काही नसायचं.

द्वारकाआक्काचा गट तसला नव्हता. गटात आक्का, अनाजी आणि निधीतून मिळालेले दोन बैल. शहाणपणाच्या क्रमानं उभं केलं तर अनाजी बैलांच्या मागं.

आक्का मूळची डोंगरातल्या वाडीतली. तिच्या लहानपणी तिथं दरवळी नावाचं भात पिकायचं. आई मडक्यावरचं झाकण काढायची आणि वाडीच्या टोकाला खेळणारी पोरं खेळ टाकून घराकडं पळायची. हाक मारायला लागायची नाही. मग एक वर्ष पाऊस दडला. वाडीनं बियाणं शिजवून खाल्लं. त्या दिवशी दरवळीचा वास शेवटचा आला. पुढं आई गेली, जुनी माणसं गेली, आणि आक्का केस पांढरे होईपर्यंत तो वास शोधत राहिली. रस्त्यानं जाताना कुणाच्याही घरी भात शिजत असला की ती दारापाशी जरा थांबायची. मग मान हलवून पुढं चालायला लागायची.

यंदा तिला वाडीजवळच्या एका बांधाच्या कडेला आपोआप उगवलेल्या थोड्या लोंब्या सापडल्या. पाती तशीच, कुसळं तशीच लालसर. आक्काला वाटलं, हीच ती. तिनं बीजनिधी मागितला आणि कुलगुरूंनी तो दिला.

पीक फुलोऱ्यात आलं. आक्का रोज वाफ्यात जाऊन नाक वर करून उभी राहायची. वास नव्हता. "शिजल्यावर येईल," ती म्हणायची. कापणी झाली, झोडणी झाली, कांडून तांदूळ झाला. तरी वास नव्हता. "शिजल्यावर येईल रे," ती बैलांनासुद्धा सांगायची.

सभेच्या दिवशी भात शिजवायचं काम अनाजीकडं आलं. पाणी उकळलं, तांदूळ पडला, वाफ आली. अनाजीनं वाफेत तोंड घातलं. साधा भात. भुकेल्याला चालेल असा, बाकी काही नाही. तेवढ्यात माणकोजी खिडकीतून डोकावला. दोन बोटांची कात्री करून त्यानं ती नाकाखाली चालवली आणि शीळ घालत निघून गेला.

आता अनाजीची सासुरवाडी होती समुद्रकाठची. तिकडं परसात रंपा लावतात. लांब हिरवं पान असतं, साध्या भातात टाकलं तरी भात घमघमतो. विद्यापीठाच्या मुलखात हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण अनाजीच्या बायकोनं माहेरचं एक रोप आणून दारात लावलेलं होतं. अनाजी धोतर सावरत घरी पळाला, पान तोडलं, त्याला गाठ मारली आणि मडक्यात टाकलं. भात झाल्यावर पान काढून बैलांपुढं टाकलं. बैलांनी पुरावा खाल्ला आणि शांतपणे रवंथ करत बसले.

सभेत आक्कानं स्वतःच्या हातानं झाकण काढलं. वास असा सुटला की मागच्या रांगेतली माणसं उठून पुढं आली. माणकोजीचा हात आपोआप मिशीवर गेला. अनाजी गालातल्या गालात हसणारच होता, पण त्याची नजर आक्काकडं गेली. ती मडक्यापाशी खाली बसली होती. डोळे मिटलेले, झाकण तसंच हातात. लांबून कुणीतरी आपल्याला घरी बोलवतंय, तशी मान कलती करून ती बसली होती.

कुलगुरूंनी रीतीप्रमाणं विचारलं, "द्वारकाबाई, आधी न जमलेलं सांगा."

"न जमलेलं काही नाही," आक्का म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं असं कधी म्हटलं नव्हतं.

माणकोजीनं तिथल्या तिथं अर्धी मिशी उतरवली आणि सगळं विद्यापीठ पोट धरून हसलं. आक्कानं हसता हसता डोळे पुसले आणि मूठभर भात पदरात बांधून घेतला. पुढं तो उन्हात वाळवून ती कायम जवळ बाळगायची.

मग प्रस्तावाची तयारी सुरू झाली. वाडीपट्ट्यातली सगळी भातखाचरं दरवळीसाठी मागायची ठरली. अनाजी रोज मनाशी ठरवून जायचा, की आज सांगायचंच. "आक्का, एक बोलायचं होतं," म्हणायचा. ती म्हणायची, "बोल की. पण आधी हे ऐक." आणि आईचं सांगायची. मडकं कुठल्या चुलीवर चढायचं, झाकणावर निखारे कसे ठेवायचे, पहिला घास कुणाला मिळायचा, आणि पाऊस दडला तेव्हा बियाणं कसं शिजलं. ऐकता ऐकता अनाजीलाच त्या वासाची ओढ लागली. गंमत बघा, जो वास त्याला कधी आलाच नव्हता, त्याची. उरलेल्या तांदळाची मूठ घेऊन तो येता जाता हुंगायचा. चुकून खरंच यावा, एवढंच त्याचं मागणं. आला की सुटलो. पण तांदूळ काही बोलायचा नाही.

माणकोजी समोरून यायचा तेव्हा मिशी हातानं झाकायचा. पूर्वीचा अनाजी असता तर त्यानं अख्ख्या विद्यापीठाला गोळा केलं असतं. आता तोच रस्ता बदलायचा.

दरबाराचा दिवस उजाडला. राजवाड्याच्या अंगणात वाडीपट्ट्यातली माणसं आली होती. खाचरं द्यायला त्यांची ना नव्हती. आक्का आपली, वास आपला, मग नाही कशाला म्हणतील? त्यांच्यातल्या एका बाईनं अनाजीला विचारलं, "मास्तर, आता आमचं हे साधं बी ठेवायची गरज नाही ना? दरवळी येणार म्हणून आम्ही ते बरोबरच आणलंय. राजानं हो म्हटलं की इथंच शिजवतो. पोरं पोटभर जेवतील."

तिच्यामागं चुलीचे दगड मांडलेले होते. बियाण्याची टोपली शेजारी होती, आणि पोरं टोपलीकडं बघत होती.

एकदा बी शिजलं की पुढं काय होतं, ते आक्का रोज त्याला सांगत आली होती. आणि तो रोज ऐकत आला होता. "आत्याबाई, एवढं ऐका," तो म्हणाला. "मी परत येईपर्यंत चूल पेटवू नका." आणि तो न्हावी शोधायला धावला.

दरबारात राजानं आक्काचं सगळं ऐकून घेतलं. त्याला पटलं. खाचरं दिली, असं म्हणायला त्यानं हात वर केला, तोच आक्काच्या मागं येऊन उभ्या राहिलेल्या अनाजीकडं त्याचं लक्ष गेलं. डावीकडं झुपकेदार मिशी, उजवीकडं गुळगुळीत. दरबारात एकजण खुदकन हसला, मग सगळेच. राजालाही हसू आवरेना.

"काय मास्तर, बाकीची मिशी घरी विसरलात काय?"

"पैज हरलो, महाराज," अनाजी म्हणाला. "हरलो कधीच होतो. मिशी दुसऱ्याची गेली."

मग त्यानं हात जोडले. "आमच्या विद्यापीठात रीत आहे, आधी न जमलेलं सांगायचं. त्या तांदळाला वास नाही. सभेत आला तो एका पानाचा. पान मी टाकलं, पैजेपायी. आक्कांना यातलं काही ठाऊक नाही."

हसू बंद झालं. राजाचा हात हळूहळू खाली आला. आक्कानं मागं वळून बघितलं नाही. तिनं पदराची गाठ सोडली, वाळलेली शितं तळहातावर घेतली आणि नाकाशी नेली.

"मला सभेच्या दुसऱ्या दिवसापासूनच वास येत नव्हता," ती शेवटी म्हणाली. "वाटलं, माझंच नाक म्हातारं झालं. आई दारापर्यंत आली आणि मलाच ती ओळखता येईना."

अनाजी तिच्या पायाशी खाली बसला.

"नाक तुमचं शाबूत आहे, आक्का," तो म्हणाला. "खोटा मी होतो." बाहेर अंगणात चूल अजून पेटली नव्हती, आणि बियाण्याची टोपली तशीच भरलेली होती.

तात्पर्य: मोठं मागण्याआधी छोटं करून बघायला जी मदत मिळते, ती आपलं न जमलेलं आपल्याला कळावं म्हणूनच असते; ते झाकून जो जिंकतो, तो त्या गोष्टीची सगळ्यात जास्त ओढ असलेल्या माणसालाच फसवतो.