गुरुजींचा एक शब्द

धोंडूनाना चौथीत शाळेच्या खिडकीतून जे बाहेर पडले ते पुन्हा आत गेलेच नाहीत. त्यांचे व्याही त्र्यंबक गुरुजी मात्र हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. आठ दिवस राहायला आले आणि टीव्हीचा रिमोट त्यांनी छडीसारखा हातात धरला. रोज संध्याकाळी अक्षरांचा खेळ लावायचा, टीव्हीतल्या माणसाआधी शब्द सांगायचा आणि नानांकडे बघून मिशीत हसायचं.

त्या दिवशी नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर नानांच्या पुतण्याची कुस्ती होती. नानांनी रिमोट मागितला.

“माझ्याहून मोठा शब्द करा आणि खुशाल न्या,” गुरुजी म्हणाले.

पडद्यावर अक्षरं आली: ह, ड, श, क, द, ण. काना-वेलांट्या ज्याने त्याने पदरच्या लावायच्या.

“शहाणा,” गुरुजींनी छातीवर हात ठेवला. “तीन अक्षरं.”

“दीडशहाणा,” नाना म्हणाले. “पाच.”

“छे. दीड वेगळा, शहाणा वेगळा. हे दोन शब्द झाले.”

“असतील बुवा. पण गुरुजी, गरज नसताना जो सगळ्यांना अक्कल शिकवत सुटतो, त्याला एका शब्दात काय म्हणतात?”

प्रश्न कानावर पडला की उत्तर द्यायचंच, ही गुरुजींची जन्माची खोड. ते ताडकन उभे राहिले. “दीडशहाणा.”

सूनबाई गुरुजींचीच लेक. तिने हसू दाबत वडिलांच्या हातातला रिमोट काढून सासऱ्यांना दिला.

“उत्तर बरोबर,” नाना म्हणाले. “बसा खाली.”