बहिणींचं पेव

पुढं या, पण काठापासून हातभर लांब उभे राहा. रांजणाच्या तोंडाएवढं हे भोक दिसतंय ना, ते बहिणींचं पेव. वरून अरुंद, पण आत बैलगाडी फिरेल एवढी जागा आहे. पूर्वी आमच्या कृष्णाकाठची हळद अशा जमिनीखालच्या पेवांत भरायचे आणि तोंड लिंपून टाकायचे. हल्ली ती शीतगृहात जाते. हे एक पेव मात्र आम्ही दर वर्षी होळीनंतर उघडतो, आणि त्यात उतरायची आमची रीत बाहेरच्याला वेडेपणाची वाटते. हसा खुशाल, पण आधी ऐकून घ्या.

फार मागं, म्हणे, इथल्या एका घरात दोन सख्ख्या बहिणी जावा म्हणून नांदत होत्या. थोरली नागू, धाकटी सारजा. घरात शब्द चालायचा नागूचा. सारजा कामाला वाघीण, पण माहेराहून येतानाच कपाळी चोरीचा डाग घेऊन आलेली. आईची सोन्याच्या पुतळ्यांची माळ नाहीशी झाली होती आणि तेव्हा घरात कायम असायची ती सारजाच, म्हणून आळ तिच्यावर आला. आई तिच्याशी एक शब्द न बोलता मेली. तेव्हा तिला पोटाशी धरून डोळे पुसणारी नागूच होती. तरी दोघींचं जमलं असं कधी झालं नाही. स्वयंपाक असो की सणाची पूजा, एकीनं केलेलं दुसरीला पुरतं वाटायचं नाही.

आता पेवाचं एक समजून घ्या. बंद पेवात विषारी हवा कोंडते. म्हणून आधी दोराला बांधून पेटता दिवा सोडतात. तो तळाशी तेवत राहिला तर माणूस उतरतं, विझला तर नाही. तोंड एवढंसं, त्यामुळं वाकून बघणारा एकच.

त्या वर्षी तळाची हळद काढायची होती. घरात पुरुष असतानाही नागू म्हणाली, मीच उतरणार. दर वर्षी तिचा हाच हट्ट असायचा, दुसऱ्या कुणाला ती तळात उतरूच द्यायची नाही. दिवा बघायला सारजा वाकली. दिवा खाली खाली गेला आणि त्याच्या उजेडात भिंतीच्या कोनाड्यात काहीतरी पिवळं चमकलं. आईची माळ. सारजानं ती ओळखली, आणि दुसऱ्याच क्षणाला दिवा विझला.

तिच्या डोक्यात काय झालं असेल ते तुम्हीच बघा. डोळे पुसणारा हात तोच आणि चोरणारा हातही तोच. वर सगळे खोळंबले होते. नागूनं विचारलं, "राहिला का गं?"

"राहिला, अक्का," सारजा म्हणाली. "वर येताना वाऱ्यानं गेला."

नागू उतरली. सारजा काठावर दगडासारखी बसून राहिली. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "सारजे, जीव घाबरतोय गं." आणि मग काहीच नाही.

इथं मला त्या बाईचं कौतुक वाटतं, खोटं कशाला बोलू. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? पण ती उठली आणि दोर धरलेल्या गड्यांना ओरडून म्हणाली, "दिवा तळालाच विझला होता. मी खोटं बोलले." ओला पदर तोंडाला बांधून, श्वास रोखून ती दुसऱ्या दोरानं खाली गेली. नागूला दोरात बांधून आधी वर धाडलं. मग स्वतः अर्धमेली वर आली. कोनाड्यातल्या माळेला तिनं हातसुद्धा लावला नाही, असं सांगतात.

दोघी वाचल्या. पण पंच बसले आणि सारजाला घराबाहेर काढायचं ठरलं. तेव्हा अंथरुणावरून उठून नागू चावडीवर गेली. म्हणाली, "माळ मी चोरली. आईचा सगळा जीव हिच्यात होता, ते मला बघवेना. ही एकदा खोटं बोलली आणि तिथंच तिनं ते कबूल केलं. मी आई मरेपर्यंत गप्प बसले, आणि नंतरही. काढायचंच तर आधी मला काढा."

मग पंचांनी निकाल फिरवला. कुणालाच काढलं नाही. पण गावानं सारजाच्या हाती दिवा पुन्हा द्यायला साफ नकार दिला.

पुढच्या होळीनंतर पेव उघडलं. नागू म्हणाली, उतरेन तर सारजा दिवा बघेल तेव्हाच. सगळा गाव गोळा झाला. सारजानं दिवा सोडला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. नागू पेवाकडं पाठ करून उभी होती.

"उतर, अक्का," सारजा म्हणाली. नागूनं दिव्याकडं वळून पाहिलंही नाही. तशीच दोर धरून उतरली आणि थोड्या वेळानं खालून तिच्या हसण्याचा आवाज आला.

आजही या पेवात उतरणारा माणूस दिवा बघत नाही. दिवा बघायला तो त्यालाच बोलावतो, ज्याच्याशी त्याचं वैर आहे. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ येतात, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावा येतात. एक वाकून बघतो, दुसरा पाठ करून उभा राहतो. आणि बघणारा 'उतर' म्हणाला, की पाठमोरा उतरतो.