खारा दगड

त्या मुलखात गवत मुबलक होतं, पाण्यालाही तोटा नव्हता. मीठ मात्र कुठंच नव्हतं. जनावरांची पोटं भरत, जिभा उपाशी राहत.

डोंगराच्या माथ्यावर एक खारा दगड आहे, असं सगळे सांगत. जाऊन आलेल्यांना न गेलेल्यांची कीव येई. लांबकानी शेळी तर पाणवठ्यावर ज्याला त्याला अडवून विचारी, "अजून नाही चाटलास? मग इतकी वर्षं चरलास तरी काय?" आणि वर समजावून सांगे, की आधी सपक लागतो, पण जीभ काढून घ्यायची नाही, शेवटाला असा काही उतरतो, की डोळ्यांतून पाणीच येतं.

तिथं भुरकी नावाची एक म्हैस होती. हिवाळ्यात तिचं रेडकू गेलं, आणि तेव्हापासून तिला गवताची चव लागेना. हिरवं काय नि वाळलेलं काय, तोंडात सारखंच. चरायचं असतं म्हणून ती चरायची, एवढंच.

दगडाकडून जो परतेल त्यानं आपलं तोंड बाकीच्यांना चाटू द्यायचं, अशी तिथली रीत. पवळ्या बैल परतला तेव्हा सगळे त्याला चिकटले. कसा आहे म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "मोठा आहे." भुरकीच्या वाट्याला त्याच्या डोळ्याखालची जागा आली. तिनं जीभ लावली. खारट होती. कितीतरी दिवसांनी तिच्या जिभेला काहीतरी कळलं. तिनं जायचं ठरवलं.

बाभळीखाली तांबू नावाची म्हातारी गाय बसून असे. पाय गेलेले, त्यामुळं असल्या गर्दीत तिची जीभ कुठवर पोचणार? ती भुरकीला म्हणाली, "जा बाई. पण येताना डबकं दिसलं तरी डुंबू नकोस. तुम्हा म्हशींचा काय भरवसा. सगळं धुऊन जायचं."

चढ लांब होता, अंग जड. भुरकी थांबत थांबत पोचली. दगड खरंच मोठा होता, जिभांनी घासून घासून उन्हात नुसता चमकत होता. पाळी आली तशी तिनं डोळे मिटले आणि जीभ लावली.

सपक.

शेळीचं बोलणं आठवून तिनं जीभ काढून घेतली नाही. उन्हं कलली तरी चाटत राहिली. जी काही चव लागली ती आधी येऊन गेलेल्यांच्या जिभांची. शेजारी एक गोऱ्हा डोळे मिटून मान डोलवत होता. मधेच त्यानं एक डोळा उघडून तिच्याकडं पाहिलं. मग तिनंही मान डोलावली.

उतरताना तिला वाटलं, दगडाला कशाला नावं ठेवा. सगळ्यांना लागतो, मला लागत नाही, म्हणजे माझीच जीभ मेली. आता कुठं जायचं राहिलं नाही. मग रेडकाचं ओलं नाक आठवलं, आणि डोळ्यांतलं पाणी गालावरून वाहत गेलं, वाटेतच वाळलं.

डबकं आलं. अंग नुसतं तापलं होतं. काठाशी ती बराच वेळ उभी राहिली, आणि तशीच कोरडी पुढं निघाली.

तांबू वाटेकडं डोळे लावून बसली होती. कसा आहे, तिनं विचारलं. भुरकीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"मोठा आहे," ती म्हणाली, आणि मान खाली केली.

तांबूनं सावकाश चाटलं. नाकाड, जबडा. डोळ्याखाली येऊन जीभ थांबली.

"खारट आहे गं," ती म्हणाली. "खरंच आहे म्हणायचं."

आणि डोंगराकडं तोंड करून, पुढचे गुडघे जमिनीत रोवून, ती थरथरत मागलं अंग उचलू लागली. पलीकडं पवळ्या चरत होता. त्यानं भुरकीकडं एकदा पाहिलं, आणि तोंड गवतात खुपसलं.